वीस सीड्यांची पूजा

"बाई, यात हार्ड डिस्कच नाही," अभिनंदन म्हणाला.

तो फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर झाकण काढलेली कॉम्प्युटरची पेटी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि पेटीत बोटभर धूळ.

"मला कळून आठ दिवस झाले," मी म्हणाले. "वीसच्या वीस तशाच आहेत. म्हणून तर हेडसरांना लिहून दिलंय, सगळा माल भंगारात काढा."

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं आमच्या शाळेला वीस जुने कॉम्प्युटर दान दिले होते. आपली गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून पाठवण्याआधी त्यांनी सगळ्या हार्ड डिस्क काढून घेतल्या होत्या. आता ज्यावर सगळं साठवायचं तेच नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर सुरू होऊन करणार काय? निदान मला तरी असंच वाटत होतं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची, तासगावातली. मी मूळची गणिताची, पण तेव्हा अकरा वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते आणि गावात मला कुणी गणिताची म्हणत नसे. सुलभा कणसे हे नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळीकडे मी 'कॉम्प्युटरच्या बाई'. बँकेत गेले तर मॅनेजर आधी खुर्ची द्यायचा आणि मग हळूच विचारायचा, "बाई, आमचा प्रिंटर कागद का खातोय हो?" मला ते फार आवडायचं. उगाच कशाला नाही म्हणू?

"हार्ड डिस्क नसली तरी चालेल, बाई," अभिनंदन म्हणाला. त्यानं पिशवीतून एक सीडी काढली, मशीनमध्ये सरकवली आणि बटण दाबलं.

मी हाताची घडी घालून उभी राहिले. पडदा काळाच. मग पांढरी अक्षरं भराभरा वर सरकायला लागली. सीडी आत घरघरत होती. तीन मिनिटं झाली, चार झाली. अडकू दे, असं मी मनात म्हणत होते. ते अडकलं नाही. निळा पडदा आला, त्यावर चित्रं आली, बाण हलायला लागला.

"अख्खी सिस्टिम सीडीवरच आहे," तो म्हणाला. "मशीन सीडीवरनंच सुरू होतं आणि तिच्यावरच चालतं. बंद केलं की सगळं विसरतं. मुलांनी कितीही गोंधळ घातला तरी दुसऱ्या दिवशी कोरं करकरीत."

"हे ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

ठाऊक नव्हतं. आणि शिकवत कोण होतं? अभिनंदन चौगुले, माझाच विद्यार्थी. आठवीत पहिल्या बाकावर बसायचा, नाक सारखं वाहायचं. आता तो आमच्याच शाळेत शिक्षणसेवक होता आणि चारचौघांत मला त्याला 'चौगुले सर' म्हणावं लागायचं. ते म्हणताना दरवेळी माझी जीभ अडखळायची.

दुपारी हेडसर बघायला आले. घोरपडे सर म्हणजे तसे कुणाचं सहजी कौतुक करणारे नव्हेत. पण चालू मशीन बघून त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"चौगुले, हे आपल्या शाळेपुरतं करता येईल का? मराठीत?"

"येईल सर. यातलं नको ते काढायचं, आपल्याला हवं ते घालायचं आणि पुन्हा सीडी बांधायची. फक्त सातशे एमबीत बसलं पाहिजे. त्याच्यावर सीडी घेत नाही."

"करा मग. आणि बाई, तुम्ही तर भंगार म्हणून लिहून दिलं होतंत!" हेडसर हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. अभिनंदन मात्र हसला नाही, खाली बघून झाकणाचे स्क्रू आवळत राहिला. तो हसला असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा मिळाली असती.

पुढचे दोन महिने स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. अभिनंदन रोज मधल्या सुट्टीत एक वही घेऊन यायचा आणि एकेकाला विचारायचा, तुम्हाला काय हवं? जो तो असा तुटून पडायचा, जणू लग्नात पंगत बसली आहे. भूगोलाच्या जोशीबाईंना नकाशे हवे होते आणि आकाशातले ग्रहतारेही. चित्रकलेच्या सरांना रंगवायचं साधन. पीटीचे मोहिते सर म्हणाले, "बुद्धिबळ टाका. पावसाळ्यात ग्राउंडवर चिखल असतो." अभिनंदन सगळं लिहून घ्यायचा, रविवारी सांगलीला मित्राच्या नेट कॅफेत बसून जुळवायचा आणि सोमवारी हिशेब घेऊन यायचा.

"जोशीबाई, तुमचे तारे ऐंशी एमबी खातायत."

"मग मोहित्यांचं बुद्धिबळ काढा!"

"बुद्धिबळ दोनच एमबी आहे, बाई."

"दोन तर दोन! तेवढं तरी मिळेल."

सगळे पोट धरून हसायचे. मी वह्या तपासायचे. वह्या कसल्या, तीच वही पुन्हा पुन्हा उघडायचे. अकरा वर्षं या स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरबद्दल काही विचारायचं तर माझ्याकडे बघावं लागे. आता सगळ्या माना दुसरीकडे वळत होत्या. मला हेवा वाटत होता. माझ्या विषयातलं त्याला जास्त येतं याचा, ते त्याला इतक्या सहज येतं याचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कुणी कौतुक केलं की त्याला ते अंगावर घ्यावंसंही वाटत नाही याचा.

एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमचं काय घालू?"

"मला काही नको."

"असं कसं? लॅब तुमची आहे. तुमच्या नोट्स आहेत, सराव आहेत, ते टाइप करून घालतो की. तुमच्यासाठी चाळीस एमबी ठेवलेत मी."

"चाळीस?" जोशीबाई लांबून ओरडल्या. "आणि माझे तारे अर्धे कापले?"

"त्यांनाच देऊन टाक," मी म्हणाले. "मला नको तुझी मेहेरबानी."

त्यानं वहीत काहीतरी खूण केली. "राहू दे बाई. तुम्ही सांगाल तेव्हा भरू," म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात बँकेत गेले. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, तुमच्याकडे ते चौगुले सर आहेत ना? त्यांना जरा पाठवाल का?" चहा अर्धा टाकून मी उठले. घरी जाईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला तेव्हाही पक्की माहीत होती. शिक्षणसेवकाची तीन वर्षं असतात. अभिनंदनची नोव्हेंबरात संपत होती. त्यानंतर संस्थेनं कायम केलं तर कायम, नाहीतर नारळ. आणि संस्थेचे सेक्रेटरी आप्पासाहेब यांच्या मेहुण्याचा मुलगा बी. एड. होऊन घरी बसला होता. आप्पासाहेबांना फक्त निमित्त हवं होतं. हेडसरांनी त्यांच्याकडून एक शब्द मोठ्या मुश्किलीनं मिळवला होता, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता, संस्थेची सगळी मंडळी लॅब बघायला येतील. वीस मशीन चालली तर चौगुलेला कायम करायचं.

"घरी आईला सांगितलंय," अभिनंदन एकदा मला म्हणाला होता. "तिनं तर कायम झालोच असं धरून पाव्हण्यांना बोलावलंय, मुलगी दाखवायला." आणि लाजला होता.

खंडेनवमी बुधवारी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. वर्कशॉपमध्ये पाने-हातोड्या, मैदानावर लेझीम आणि भाले, आणि लॅबमध्ये कॉम्प्युटर. लॅबची पूजा पहिल्या वर्षापासून मीच करत आले होते. पूजा केली की हत्याराला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, दसरा झाला की मगच उचलायचं, अशी रीत.

सकाळी हेडसर म्हणाले, "या वर्षी पूजा चौगुलेंच्या हातून करू या का? मशीन त्यांनीच जिवंत केलीत."

माझ्या हातात पूजेचं ताट होतं. ते मी पुढे केलं.

"नाही सर," अभिनंदन घाईघाईनं म्हणाला. "बाईंचा मान आहे. आणि मला आत्ताची गाडी गाठायचीय, सांगलीहून सीड्यांची पाकिटं आणायचीत. तिथनंच गावाकडं जाईन दसऱ्याला. आता शुक्रवारीच येतो. बाई, सीड्या पाटावर मांडून ठेवल्यात."

म्हणजे माझा मानसुद्धा आता मला त्याच्या हातून मिळणार होता.

तो गेला. हेडसर मैदानाकडे गेले. लॅबमध्ये मी आणि शिपाई निवृत्तीमामा, दोघंच उरलो. मामांनी मशीनवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मधल्या टेबलावर दोन पाट, त्यावर वीस सीड्या ओळीनं. प्रत्येकीवर अभिनंदननं मार्करनं सुबक अक्षरात नंबर आणि शाळेचं नाव लिहिलं होतं. लिहिलेली बाजू वर होती.

मामांनी त्यातली एक उचलून उलटी करून बघितली.

"आगागा! बाई, ही बाजू बघा की. आरशागत चमाकतीया. सरांनी घाईत पालथ्या मांडल्या जणू."

मी सीडीकडे बघितलं, मामांकडे बघितलं.

"मग करा सरळ," मी म्हणाले.

मामांनी एकेक करून वीसच्या वीस उलट्या केल्या. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात त्या खरंच सुंदर दिसत होत्या. मी वाटीत हळद भिजवली, कुंकू भिजवलं. चांगलं दाट. प्रत्येक सीडीवर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, वर अक्षता आणि झेंडूची पाकळी. बोट जरा दाबूनच लावलं, ओघळू नये म्हणून. एकही चुकवली नाही. अकरा वर्षांत इतकी मन लावून पूजा मी केली नव्हती. शेवटी हात जोडले. मामांनीही जोडले, आणि कुलूप लावून आम्ही घरी गेलो. दसऱ्याला घरी श्रीखंड-पुरी केली, आणि मी दोनदा वाढून घेतलं.

शुक्रवारी नऊ वाजता शाळेत पोचले तर लॅबबाहेरच्या नळावर अभिनंदन आणि मामा. नळ बारीक सोडलेला. अभिनंदन एकेक सीडी पाण्याखाली धरून मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसत होता. दोन दिवसांत हळदकुंकू वाळून कडक झालं होतं. पाण्यानं हळद गेली, अक्षता गेल्या, पण त्यांच्याखाली बारीक चरे उमटले होते आणि कुंकवाचा लाल डाग काही हटत नव्हता.

"माजंच चुकलं, सर," मामा रडवेले होऊन म्हणत होते. "मला काय म्हाईत, मशीन त्या चमकत्या बाजूनं वाचतं म्हून!"

"असू द्या मामा."

"सांगलीहून दुसऱ्या करून आणता येणार नाहीत का?" मी विचारलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"मूळ प्रत तिथंच आहे, बाई. पण जाऊन, वीस करून, परत यायला संध्याकाळ होईल."

त्यानं वर बघितलं नाही. मीही तिथून हलले नाही. दहा वाजता आम्ही आत जाऊन एकेक मशीन चालू करायला लागलो. पहिलं अडकलं. दुसरं पांढरी अक्षरं दाखवून थांबलं. तिसरं सुरू झालं. वीसपैकी सात. त्यातल्या एकासमोर मी उभी होते. निळ्या पडद्यावर मराठीत नावं होती: नकाशे, तारे, चित्रं, बुद्धिबळ. शेवटी एक कप्पा होता, 'कणसे बाई'. मी उघडून बघितला. तो रिकामा होता.

जोशीबाईंचे अर्धे तारे कापून ठेवलेली ती जागा. तोवर बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला होता.

आप्पासाहेब मंडळींसह आत आले आणि नेमके बंद मशीनपुढे बसले. मग दुसऱ्यापुढे, तेही बंद. हेडसरांनी त्यांना हाताला धरून चालू मशीनकडे नेलं, तर ते म्हणाले, "सात चालतायत, तेरा नाहीत. वीस म्हणाला होतात तुम्ही." मग टेबलावरची एक सीडी त्यांनी उचलली. "आणि हे लाल काय लागलंय?"

"कुंकू आहे," हेडसर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "परवा पूजा झाली. वाचायच्या बाजूवर लागलं."

"कुणी केली पूजा?"

मामांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्याआधी अभिनंदन बोलला.

"बाईंनी केली. पण चूक माझी आहे. सीड्या मीच उलट्या मांडल्या होत्या. बाईंना सीडीतलं कसं कळणार? कुठल्या बाजूला लावायचं नाही, ते मी सांगून जायला पाहिजे होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात दया होती. बाईंना सीडीतलं कसं कळणार! ज्या खोलीत मी अकरा वर्षं शिकवलं त्या खोलीत माझ्याच विद्यार्थ्यानं मला अडाणी ठरवलं होतं. मला वाचवायला. सीड्या त्यानं सरळ मांडल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी गप्प बसले तर मी अडाणी, आणि त्याची नोकरी गेली. बोलले तर त्याची नोकरी राहील, आणि मी कोण ते सगळ्या गावाला कळेल.

"मला कळत होतं," मी म्हणाले.

"काय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कुठल्या बाजूला लावायचं नाही ते. मला माहीत होतं. चौगुलेंनी सीड्या नीटच ठेवल्या होत्या. मी उलट्या करायला लावल्या आणि मुद्दाम लावलं कुंकू."

आप्पासाहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले.

"वा, बाई! विद्यार्थ्यासाठी चक्क खोटं बोलताय? पूजा करताना कुणी मुद्दाम असं करेल का? कुंकू लावायचा हात तो!" ते मंडळींकडे वळले. "बघा, गुरू असावा तर असा. स्वतःवर घेतलं."

हेडसरांचे डोळे भरून आले होते. "बाईंचं मन मोठं आहे," ते म्हणाले. जोशीबाईंनी माझा हात हातात घेतला. मामा तर वाकून नमस्कारच करायला लागले.

मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, हे खरं आहे, मामांना विचारा. मामा चार हातांवर उभे होते. एक वाक्य. पण कितीतरी दिवसांनी ती सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. आणि मी गप्प बसले.

अभिनंदनकडे मी बघितलंच नाही. नोव्हेंबरअखेर त्याचे कागद संस्थेनं परत पाठवले. त्याच्या जागी आप्पासाहेबांच्या मेहुण्याचा मुलगा आला. जायच्या आधी अभिनंदननं नव्या वीस सीड्या करून दिल्या, आणि त्या पुढे सहा वर्षं चालल्या. माझा कप्पा त्यांतही होता. भरायला मी त्याला काही दिलं नव्हतं.

दहा वर्षांनी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला घोरपडे सर मुद्दाम आले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. विद्यार्थ्यासाठी स्वतःवर आळ घेणाऱ्या बाईंची. ती तोवर शाळेत इतक्यांदा सांगून झाली होती की मुलांनाही पाठ होती. टाळ्या वाजल्या. तिसऱ्या रांगेत अभिनंदन बसला होता. अथणीकडच्या एका शाळेत लागला होता तो, तिशीतच केस पिकले होते. मीच पत्रिका पाठवली होती. तोही टाळ्या वाजवत होता.

नंतर पेढे घ्यायला तो पुढे आला आणि पाया पडला. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"अभिनंदन," मी म्हणाले, "तुला माहीत होतं ना, मला कळतं ते?"

"बाई, पहिल्याच तासाला मी चकचकीत बाजूला बोट लावलं म्हणून तुम्ही माझ्या हातावर फूटपट्टी मारली होती. आजही मी पोरांना तेच पहिलं शिकवतो."

"मग तसं का म्हणालास?"

"पटकन तेच सुचलं. तुम्हाला कुणी काही बोलू नये म्हणून."

"मी सांगितलं होतं रे त्यांना. खरं तेच सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. "एकदा सांगितलंत."

पेढा त्याच्या हातात तसाच होता.

"आप्पासाहेब जिना उतरून गाडीत बसेपर्यंत मी दारात उभा होतो, बाई. मला वाटत होतं, तुम्ही परत एकदा सांगाल."

मग त्यानं घड्याळ बघितलं. अथणीची शेवटची गाडी साडेपाचला होती, आणि त्याला स्टँडपर्यंत चालत जायचं होतं.